फोटोतले दाणे

माणसाच्या तोंडावर उजेड नीट पडला की त्याची निम्मी दुखणी पळतात, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या पदरात पडला. आमचे दाजी सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. पण नोकरी आपली नावाला, जीव सगळा कॅमेऱ्यात. फोटो मोठा करून पाहिला आणि त्यात रवा सांडल्यासारखे दाणे दिसले, की या गृहस्थांना जेवण गोड लागत नाही. "कॅमेरा बिचारा अंधारात चाचपडायलाय, म्हनून दाने पडायलेत. आधी त्याला उजेड द्या की!" हे व्याख्यान आमच्या खानदानात पाळण्यातल्या पोरांनाही पाठ असावं.

लग्नाला त्यांना बोलवायची सोय नाही. माझ्या चुलतभावाच्या लग्नात मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरला, आणि हार घेऊन उभ्या नवरीला दाजी म्हणाले, "थांब माय, हनुवटीखाली लय अंधार हाय." गुरुजींच्या हातातला अंतरपाट त्यांनी ओढून घेतला, दोघा मामांना तो खाली तिरका धरायला लावला आणि त्या पांढऱ्या कापडावरून उजेड नवरीच्या तोंडावर पाडला. नवरदेव ताटकळला. गुरुजी तणतणले, "अहो, लग्न लावायलाव का मोडायलाव?" फोटो मात्र असा आला, की पुढे गुरुजींनीच आपल्या मुलीच्या लग्नाला दाजींना आमंत्रण धाडलं.

आम्ही त्यांना खूप हसलो. मग माझी लेक मुक्ता शिकायला पुण्याला गेली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती ओठ वाचते आणि जरा जड उच्चारात बोलते. रोज संध्याकाळी ती वसतिगृहातून व्हिडिओ कॉल करायची. इकडे जिंतूरला आमचं स्वयंपाकघर अंधारं, बल्ब माझ्या बायकोच्या पाठीमागे. आईचे ओठ दाण्यांत विरून जायचे. पोरगी "काय? काय?" करत रडकुंडीला यायची. शेवटी तिनं लिहून पाठवलं, "तू काय बोलतेस तेच दिसत नाही. मी शिक्षण सोडून घरी येते."

दाजींना कळवलं, तर मिळेल ती एसटी पकडून ते हजर! सोबत लग्नात फोटो काढायला लावतात तसला भलामोठा दिवा. तो त्यांनी थेट माझ्या बायकोच्या तोंडावर लावला, तर तोंड पांढरंफटक आणि ओठच गायब. "च्यायला, लय झालं!" म्हणत त्यांनी दिवा चुन्याच्या भिंतीकडे फिरवला, तिथून उजेड मऊ होऊन तोंडावर आला. पाठीमागचा बल्ब घालवला. मोबाइलमधली अंधारात उजळ दाखवायची सोयही बंद केली. "मोबाइलला खामखा ताणू नका. खोलीत उजेड करा, फोटो आपोआप साफ येतो."

कॉल लागला. मुक्ता पडद्याजवळ सरकली, आईकडे टक लावून बघत राहिली.

"आई, तू रडायलीस?"

"न्हाई गं. कांदा चिरायले."

"खोटं. ओठ थरथरायलेत तुझे." मग पोरगी डोळे पुसत हसली. "आता दिसायलीस तू. मी ऱ्हाते इथंच. रोज असंच बस."

दाजी दिवा धरून उभेच राहिले. मी खुर्ची दिली तर म्हणाले, "हालवू नका मला, उजेड हालतो."

मुक्ता राहिली. घर रितं वाटतंच, ते वाटणारच. पण आता बायकोला भरून आलं तरी ती उजेडातून तोंड फिरवत नाही, आणि मुक्ता तिकडून आईची समजूत घालते.