चिंधी बांधलेलं वांगं

आखाडा बाळापूरच्या बाजारात एक मावशी वांगी विकते. कुणी वांगं दाबून पाहिलं की हातातून काढून घेते. "लेकराचा गाल हाय का दाबायला?"

तिच्या गावरान काटेरी वांग्याला उभं झाड वाळवणारा मर रोग लागत नाही. त्याच्याशी संकर करून नवं वाण काढायचं, म्हणून संशोधन केंद्रातर्फे मी बी मागायला तिच्या शेतावर जातो. ती बी विकत नाही. बी आणा, बी न्या, हा तिचा कायदा. मी हायब्रीडचं पाकीट पुढं केलं, तर हसली.

"याचं बी धरलं तर पुढल्या साली असंच येतं का? न्हाई ना? मंग काहून देऊन राहिले, साहेब?"

बियाला राखलेल्या वांग्याला ती लुगड्याची चिंधी बांधते. अशी फळं मी इतरांच्या शेतातून न विचारता तोडून नेली आहेत. आजवर कुणाला बोललो नव्हतो. तिला सांगून टाकलं.

तिनं माझ्यादेखत एका वांग्याला चिंधी बांधली. "हे तुमचं. पिवळं झाल्यावर या. घरचं बी घेऊन या, कशाचं बी चालंल."

तेवढ्यात केंद्रातून माझ्या साहेबांचा फोन आला. वांगं अजून पिकायचंय, मावशी देणार आहे, असं मी सांगितलं. "पिकलं की तोडून आण. विचारत काय बसतोस?"

"मावशीनं हातानं दिलं तरच आणीन," मी म्हणालो. "नाहीतर दुसरा माणूस बघा."

ती पुन्हा निंदायला बसली होती. मान वर न करता म्हणाली, "जरा जोरात सांगा, साहेब. रेंज नसती हितं."