वायरवाला की वायरलेस

संजीवनी एका जागी पाच मिनिटं स्वस्थ बसली, असं मी एकोणीस वर्षांत पाहिलेलं नाही. बोटं चालू असली की पाय हलत असतो, पाय थांबला की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणं सुरू होतं. चहा अर्धाच पिते आणि उरलेला कुठे ठेवला ते विसरते. अंबरनाथला नोंदणी कार्यालयाच्या गल्लीत आमची पत्र्याची शेड आहे. आम्ही तिला ऑफिस म्हणतो, दुसरं कोणी म्हणत नाही. तिथे एका टेबलावर मी हेमचंद्र, दस्त लिहिणारा, आणि दुसऱ्या टेबलावर ती, मी लिहिलेलं टाईप करणारी. मी कागदावर खरडायचं, तिने कॉम्प्युटरवर उतरवायचं, प्रिंट घेऊन पक्षकार आत जायचे, फोटो आणि अंगठे झाले की विषय संपला. गल्लीतले सगळे मला अण्णा म्हणतात. तीही म्हणते, पण तिच्या तोंडी त्यात जरा दम दिल्यासारखा सूर असतो.

टायपिंग ती जुन्या लोखंडी मशीनवर शिकली. तेव्हा पाटलांची सून होऊन नुकतीच अंबरनाथला आली होती. नवरा फॅक्टरीत पाळीवर, घरात सासूचे डोळे पाठीवर, म्हणून दुपारचा एक तास तिने क्लासला मागून घेतला. त्या मशीनची सवय हाताला अशी बसली की ती आजही कळा दाबत नाही, ठोकते. एक कीबोर्ड तिच्या हाताखाली दीड वर्षाच्या वर टिकत नाही. गेल्या महिन्यात होता त्यानेही मान टाकली. आधी स्पेसबार गेला आणि सगळे शब्द एकमेकांना चिकटून यायला लागले, मग दोन-तीन कळा दाबल्यावर वर यायच्या थांबल्या. दुसरं कोणी असतं तर संध्याकाळी स्टेशनवरून नवीन घेऊन आलं असतं. हिने आठ दिवस माझं डोकं खाल्लं.

पण आधी तिच्या भावाचं सांगायला हवं. तिचं माहेर सोनिवली. वडील हिरामण दोन वर्षांपूर्वी गेले आणि सातबाऱ्यावर तीन नावं लागली, आई राजाबाई, धाकटा भाऊ विनीत आणि संजीवनी. भाताची जमीन, आता तिच्या तिन्ही बाजूंना टॉवर. एका बिल्डरशी विनीतचं बोलणं झालं होतं आणि बिल्डरला कागद साफ हवे होते. साफ म्हणजे काय, तर बहिणीचं हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावासाठी सोडला, असं बहिणीने लिहून द्यायचं आणि आत जाऊन साहेबासमोर सही करायची. आमच्या गल्लीत हे रोज चालतं. त्याची रीतही ठरून गेलेली आहे. सही करून बहीण बाहेर आली की भाऊ तिला साडी देतो, गल्लीतच फोटो काढतात, समोरच्या गाडीवर वडापाव खातात आणि घरी जातात.

विनीत तसा गोड पोरगा. आला, माझ्या पाया पडला, तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसला आणि म्हणाला, "ताई, पुढच्या सोमवारची वेळ घेतलीय. साडी तू नेसत नाय, मला माहितीय. मग म्हटलं कामाची वस्तू द्यावी. तुझा हा डबा मेलाय ना? नवीन कीबोर्ड घेऊन देतो, एकदम भारीतला. फक्त सांग, वायरवाला पायजे का वायरलेस?"

"बघते," ती म्हणाली.

तिथून जे सुरू झालं ते विचारू नका. मधल्या दिवसांसाठी मी माझा घरचा जुना कीबोर्ड तिला आणून दिला, त्यालाही ती नावं ठेवायची. काम करता करता मध्येच थांबून म्हणायची, "अण्णा, वायरलेसचा सेल मध्येच संपला तर? माणूस आत फोटोला बसलाय आणि इथे माझा दस्त अर्धा." मी म्हणायचो, मग वायरवाला घे. दोन ओळी झाल्या की पुन्हा, "वायरमध्ये लोकांचे पाय अडकतात हो. परवा त्या आजोबांनी ओढला ना." मग वायरलेस घे, मी म्हणायचो. "त्याचा तो इवलासा डोंगल. शेंगदाण्याएवढा. हरवला म्हणजे?" मग हरवू नकोस. "आणि आपल्या शेडला दार नाही, कुलूप नाही. वायर असली की निदान टेबलाला बांधून ठेवता येतो." असं दिवसभर चालायचं. दर संध्याकाळी विनीतचा मेसेज यायचा, 'ताई ठरलं का? काळा का पांढरा?' आणि ती फोन उलटा करून ठेवायची. मला वाटायचं, बाई कटकटी आहे. तसं मी तिला बोलूनही दाखवलं. एरवी उलट बोलली असती, त्या आठवड्यात बोलली नाही.

अंबरनाथ स्टेशनजवळची दोन दुकानं तिने पालथी घातली. मग एक दिवस बदलापूरला जाऊन आली. परत आली ती रिकाम्या हाताने. म्हणाली, "तिथलेही चालत नाहीत. अडकतात."

शनिवारी मला प्रिंटरचा टोनर आणायचा होता, म्हणून आम्ही दोघं रिक्षाने उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये गेलो. चंदूशेठचं दुकान माझं जुनं ठिकाण. आसपासचे टायपिस्ट त्याच्याकडेच येतात, म्हणून त्याने काउंटरवर एक कॉम्प्युटर मराठी चालू करून ठेवलेला असतो. पसंत पडेपर्यंत ठोकून बघा, त्याची हरकत नसते.

आमच्या धंद्यात प्रत्येकाची एक ठरलेली ओळ असते. नवीन कीबोर्ड हातात आला की डोकं न वापरता बोटं ती ओळ मारतात. कोणी स्वतःचं नाव-पत्ता मारतं, कोणी देवाचं नाव. संजीवनीची ओळ म्हणजे हक्कसोडपत्राचं कलम. हजारो वेळा मारलंय तिने ते, झोपेत उठवलं तरी मारेल. 'मी खाली सही करणार लिहून देते की, माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय व कोणताही मोबदला न घेता...' मीच लिहिलेलं कलम आहे ते. माझ्याकडे आधी माझ्या गुरूंचं होतं, मी त्यात थोडा फेरफार केला.

चंदूशेठने काळा वायरलेस पुढे केला. "दीदी, ये चलेगा नहीं, दौडेगा. साल भर सेल बदलना नहीं."

तिने मारायला सुरुवात केली. 'मी खाली सही करणार लिहून देते की, माझ्या'. थांबली. "याची कळ जड आहे," म्हणाली.

चंदूशेठने ती कळ चार वेळा दाबून दाखवली. कळ ठीक होती. त्याने दुसरा काढला, वायरवाला, जाडजूड, तिच्या ठोकण्याला पुरून उरेल असा. बोटं पुन्हा धावली, 'लिहून देते की, माझ्या', आणि थांबली. "याचा स्पेसबार घट्ट आहे."

तिसरा आला. "हा फार पातळ आहे, हाताला लागतच नाही." चौथा आला. चंदूशेठ घामाघूम झाला. "तो फिर दीदी, हवा में टाईप करो," म्हणाला. मी हसलो. ती नाही हसली.

हसता हसता माझी नजर स्क्रीनवर गेली. चार ओळी होत्या, एकाखाली एक. चारही 'माझ्या'पाशी तुटल्या होत्या. अंबरनाथमध्ये काय झालं असेल आणि बदलापूरहून ती रिकाम्या हाताने का आली असेल, ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं. माझं हसू जागच्या जागी सुकलं. कीबोर्डला काहीही झालेलं नव्हतं. बाईचा हात पुढे जात नव्हता.

मी टोनर घेतला आणि म्हणालो, "चल संजीवनी, निघू."

रिक्षात ती पाय हलवत बसली होती. मी काही विचारलं नाही, तरी ती आपणहून बोलली. "अण्णा, मी विनीतला कडेवर घेऊन शेतावर जायचे. आई लावणीला वाकलेली असायची आणि हा माझ्या खांद्यावर रडायचा. बाबांच्या शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात रात्रंदिवस मी होते, विनीतची बायको बाळंतीण होती म्हणून. मी काही बोलले का कधी? आता सही नाही केली तर माझं माहेर गेलं. भाऊबीजेला कोणाच्या दारात जाऊ? आणि केली तर..." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मी आजवर किती बायकांचं हे टाईप केलं हो?"

मला आकडा माहीत नव्हता आणि माझीच मला लाज वाटत होती. तीस वर्षं मी त्या बायकांना एवढंच सांगत आलो, ताई, इथे सही, इथे अंगठा, पदर नीट घ्या, फोटो आहे. त्यातल्या एकीलाही मी विचारलं नाही की बाई, तुला हे करायचं आहे का? मी दस्त लिहिणारा, माझं काय जातं, असं म्हणून मी जेवायला जात होतो.

सोमवारी विनीत साडेदहालाच आला. अंगात नवा शर्ट, हातात चकचकीत खोकं. आठ दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. "वायरलेसच घेतला बघ ताई, सगळ्यात वरचा. आता कोणाचा पाय अडकायला नको." त्याने खोकं फोडलं, डोंगल खोचला, सेल घातले, तिचा, म्हणजे माझा, जुना कीबोर्ड बाजूला सारला आणि नवीन तिच्या पुढ्यात ठेवला. "चल, तुझा दस्त मार पटकन. आपला साडेअकराचा नंबर आहे. आई घरी वाट बघतेय, गोड करून ठेवलंय तिने."

संजीवनीने मांडीवर हात ठेवले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिचा पाय हलत नव्हता. मला त्याचीच भीती वाटली.

"काय झालं? आवडला नाय का?" विनीत म्हणाला. "बदलून मिळंल. दुकानवाला ओळखीचा हाय. वायरवाला आणू?"

"कीबोर्ड छान आहे," ती म्हणाली.

"मग?"

"आठ दिवस तू मला विचारतोयस, विनू. रोज विचारतोयस. वायरवाला की वायरलेस, काळा की पांढरा. इतकं तर माझ्या लग्नात मला कोणी विचारलं नव्हतं." तिने नवीन कीबोर्ड थोडा मागे सारला. "सही करशील का, हे एकदा तरी विचारलंस?"

विनीत माझ्याकडे बघायला लागला. मोठा माणूस म्हणून मी काहीतरी बोलावं, समजूत घालावी, अशी त्याची अपेक्षा होती. अशी समजूत मी पुष्कळ घातलीय. त्या दिवशी मी चष्मा काढून पुसत बसलो.

"अगं, त्यात विचारायचं काय?" तो म्हणाला. "सगळ्याच करतात."

"करतात. मीच टाईप करते त्यांचं."

बाहेर कोणीतरी नंबर पुकारत होतं. आमचा नव्हता. विनीतने रिकामं खोकं उचललं, परत ठेवलं, नवीन कीबोर्डच्या एका कोपऱ्यावर उगाच बोट फिरवलं. तो वाईट पोरगा नाही हो. त्याला खरंच कधी सुचलं नव्हतं. मग मान खाली घालून, लहानपणी काही मागताना विचारत असेल तसं त्याने विचारलं, "मग ताई... करशील का सही?"

साध्या कीबोर्डसाठी आठ दिवस जिने माझा जीव खाल्ला, तिला या प्रश्नाला क्षणभरही लागला नाही.

"नाही," ती म्हणाली.

आणि ढसाढसा रडली. मोकळं वाटून रडली असं मी म्हणणार नाही, ते तसलं रडणं नव्हतं. आपल्या हाताने आपण काय तोडलं ते तिला पुरतं ठाऊक होतं. विनीत तिच्याजवळ आला नाही, पण निघूनही गेला नाही. शेडच्या पत्र्याला हात लावून पाठमोरा उभा राहिला. तो चिडलाय की रडतोय ते मला दिसत नव्हतं.

शेवटी तिकडेच तोंड करून म्हणाला, "आईला काय सांगू मी?"

संजीवनीने ओढणीने डोळे पुसले.

"सांग, ताईला विचारलं. ती नाही म्हणाली."