अक्सोरियस

जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण ‘अक्सोरियस’ हे विशेषण वर्गात वापरायची वेळ कधी आली नाही. कोणत्या पोराला लागणार आहे ते? अर्थ तसा सोपा: बायकोवर प्रमाणाबाहेर जीव लावणारा. इंग्रजीत हा शब्द कौतुकाने येत नाही, किंचित नाक मुरडूनच येतो. आपल्याकडेही कोणाला बाईलवेडा म्हणताना हार घालत नाहीत. नवऱ्यावर जीव टाकणारीला मात्र पतिव्रता म्हणून ओवाळतात. या न्यायाची मला पहिल्यापासून चीड आहे.

कारण हा शब्द मलाच लागू होता. निमगाव सावाला आमचं घर मळ्यात, रस्त्याला लागून. बायकोच्या साड्या मी वाळत घालायचो. ती जेवायला बसेपर्यंत ताट पुढ्यात घेऊन थांबायचो. येणारे-जाणारे गाडीचा वेग कमी करून ओरडायचे, “काय सर, आज धुनं लई व्हतं वाटतं!” एका संध्याकाळी मी तिला तो शब्द सांगितला, अर्थही सांगितला. ती कांदे निवडत होती.

“परमाणाबाहेर म्हंजी किती वो?” तिने विचारलं.

डिक्शनरीत तेवढं दिलेलं नव्हतं.

मागच्या वर्षी ती गेली. दशक्रियेला नदीच्या घाटावर पिंड ठेवला. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल तर कावळा शिवत नाही. मग घरचे हात जोडून एकेक शब्द देत बसतात. तिचा जीव माझ्यातच अडकणार, याची मला खात्री होती. मी वेळेवर जेवीन, एकटा राहायचा हट्ट करणार नाही, असं चारचौघांत मोठ्यांदा सांगायचं मी ठरवूनच आलो होतो. लोक हसले असते तरी चाललं असतं.

आम्ही बाजूला सरलो न सरलो तोच कावळा आला आणि घास घेऊन गेला.

“लई चांगलं झालं सर,” भावकीतला एक जण म्हणाला. “वयनींचं काय बी मागं राह्यलं न्हाई.”

सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. मुलाने माझा हात दाबला. लोक चपला शोधू लागले. मला मात्र तिचा राग आला, खरं सांगतो, भयंकर राग आला. एवढी कसली घाई होती तुला? घटकाभर तरी माझ्यासाठी अडून बसायचं होतंस.