गळाच्या वजनाचं शिसं

अमेरिकेतल्या श्रूजबरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा तो नागपूरकर बाथटबमध्ये बर्फ ओतायचा, त्यात वीतभर लाकडी मासा सोडायचा आणि गुडघ्यांवर बसून बघत राहायचा. मस्की नावाच्या भल्यामोठ्या, संशयी माशाला भुलवायला हा नकली मासा पाण्यात मधेच थांबावा लागतो. तरंगायला नको, बुडायलाही नको. "कोमट पाण्यात वजन जुळवलं तर तळ्यात फसते बाप्पा," म्हणत तो माशाच्या पोटाला शिशाची पट्टी चिकटवायचा, नखाएवढी कापायचा, पुन्हा चिकटवायचा. ऑफिसात मीटिंगभर गप्प बसणारा हा माणूस त्या लाकडाशी मात्र बोलायचा. "थांब न राजा. थांब."

दोन वर्षं, थंडी सुरू झाली की दर शनिवारी, मी त्याच्यासोबत तळ्याच्या धक्क्यावर जाळं धरून उभा राहिलो. एकदा मस्की खरंच आली. लाकडी माशामागून अगदी आमच्या पायांपर्यंत आली, त्याला तोंडात धरलं, सोडलं आणि निघून गेली. तो जागचा हललासुद्धा नाही.

मी लाकडी मासा उचलून पाहिला. त्याला गळच नव्हते. ते काढून तेवढ्याच वजनाचं शिसं लावलेलं होतं.

"अरे, मग पकडणार कशी?"

"पकडायची कुठं आहे?"

"मग मला जाळं घेऊन कशाला उभं करतोस यार?"

तो जरा गोंधळला. "नुसता उभा राहा म्हटलं असतं, तर आला असतास?"

पुढच्या शनिवारी जाळं मीच गाडीत टाकलं.