यमाईने न दिलेला कौल

माझी किडनी भावाला जुळते, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी माहेरी सगळ्यांच्या जिवात जीव आला आणि माझा मात्र उडाला. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. माझा धाकटा भाऊ दत्ता तिशीही न ओलांडलेला, अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी शेती बघणारा. चेहऱ्यावर सूज यायला लागली तेव्हा उन्हाची म्हणून सोडून दिली, आणि कळलं तेव्हा दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. मग वडीगोद्रीच्या फाट्यावर उभं राहून एसटी पकडायची, औरंगाबादला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि परत यायचं, हेच त्याचं आयुष्य झालं. पाणी मोजून प्यायचं. तहान लागली की बर्फाचा खडा तोंडात धरून तो अंगणात बसायचा, आणि गोठ्यात म्हशी पाणी पिऊ लागल्या की मान फिरवायचा.

वडील आधीच गेलेले. आईला साखरेचा आजार, भावजयीचा रक्तगट वेगळा. राहिले मी. मी परतूरला दिलेली, पदरी दोन मुली, धाकटी अजून शाळेतही जात नव्हती. डॉक्टर म्हणाले, भावाच्या हाताच्या शिरा दमल्या आहेत, मशीनवर फार काळ काढता येणार नाही, देणार असाल तर पुढच्या आठवड्यात सांगा. शिवाय नवऱ्याची सही लागेल.

मी स्वभावाने तापट. कुणी स्पष्ट मागितलं असतं तर मी स्पष्ट भांडले तरी असते. पण कुणीच काही मागेना. माहेरी गेले, की आई मला जावयासारखं वाढायला लागली. सायीची वाटी माझ्यापुढे, तुपाची धार माझ्याच भाकरीवर. कापण्याआधी खाऊ घालतात तसंच हे, असं मनात येऊन गेलं. दत्ता तर विषय काढला की ताटावरून उठायचा. "मला न्हाई पाहिजे कुणाचं काही. अक्का, तू तुझ्या घरी जा," एवढंच बोलायचा, आणि त्याचा आवाज इतका बारीक झालेला असायचा, की जा म्हणतोय की थांब म्हणतोय ते कळू नये.

सासूबाई मात्र सरळ बोलल्या. "तू आता त्या घरची लेक न्हाई, ह्या घरची सून हाय. उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर ह्या पोरींना कोण बघंल? तुझा भाऊ?" मला त्यांचा राग आला नाही. माझ्याच मनातलं त्या बोलत होत्या. रोज पोरींच्या वेण्या घालताना तोच हिशोब मनात चालायचा. आमचे हे मुळातच कमी बोलणारे. "तू म्हणशील तसं," म्हणाले आणि कापसाच्या जिनिंगला कामावर निघून गेले. तू म्हणशील तसं! त्या वाक्याने मला जितकं एकटं पाडलं तितकं सासूबाईंच्या विरोधाने नव्हतं पाडलं.

आमच्या माहेरच्या गावाची देवी यमाई. गावाबाहेर टेकडीवर तिचं छोटं देऊळ आहे. तिच्यापुढे जमिनीवर एक गुळगुळीत गोल गोटा असतो. मनातलं विचारायचं आणि दोन्ही तळवे त्यावर नुसते टेकवायचे. गोटा उजवीकडे फिरला तर देवीचा होकार, डावीकडे फिरला तर नकार. गावात कुणाची सोयरीक, कुणाची विहीर, कुणाचा हरवलेला बैल, सगळं त्या गोट्यावर ठरायचं. माझं लग्नही त्यानेच ठरवलं. आमचे हे कधी खुशीत असले तर म्हणायचे, "तुझ्या बापानं नाही, दगडानं गळ्यात बांधली तुला." तेव्हा आता एवढा मोठा प्रश्न यमाईला विचारायचा, यावर सासर आणि माहेर पहिल्यांदा एकमताचे झाले. सासूबाईंनी बजावलं, "गोटा डावीकडं गेला, की विषय संपला बघ." आईनेही मान डोलावली. मलाही हायसं वाटलं. देवी सांगेल ते करायचं. मग उद्या मी मेले तरी मी दोषी नाही, आणि दत्ता मेला तरी मी दोषी नाही.

शुक्रवारी दुपारी आई आणि मी निघालो. आईच्या गुडघ्यांना चढ झेपेना, म्हणून ती पायथ्याशी लिंबाखाली बसली. जाताना तिने माझा हात घट्ट धरला आणि मग सोडला. मी एकटी वर गेले. देवळात नवी फरशी बसवलेली होती, अजून सिमेंटचा वास येत होता. मी ओटी ठेवली, नमस्कार केला, आणि गोट्यावर तळवे टेकवून डोळे मिटले. "आई, दत्ताला देऊ का?"

गोटा हलला नाही. मी श्वास रोखून वाट पाहिली. पुन्हा विचारलं. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझे हात नुसते टेकलेले राहिले नव्हते. ते रेटत होते. सगळी ताकद लावून डावीकडे रेटत होते. मी हात आखडून घेतले आणि तिथेच हमसून रडायला लागले. भावाला जगवायचं नाही असं मी देवीकडून वदवून घ्यायला निघाले होते, आणि देवी बधत नव्हती.

"बाई, कशाला झटून राह्यली? त्यो न्हाई फिरत आता."

मागे एक बाई उभी होती. साठीच्या पुढची, हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात नारळ. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. "मिस्त्रीनं फरशीसंगं सिमेंटात घट्ट बसवून टाकला. सकाळी पुजारी बोंब मारून राह्यल्ता त्याच्या नावानं," ती म्हणाली आणि हसली. परगावच्या त्या गवंड्याला कौलाची रीत काय ठाऊक! देवीपुढचा दगड डुगडुगतो, म्हणून बिचाऱ्याने भक्तिभावाने पक्का करून टाकला होता. मला रडता रडता हसू आलं आणि पुन्हा रडू आलं. ती माझ्याजवळ फरशीवर बसली. "काय इचारायला आल्तीस?"

अनोळखी माणसाजवळ बोलणं सोपं असतं. मी सगळं सांगितलं. हात कुठल्या बाजूला रेटत होते तेही. मग देवळात कुणी नाही असं बघून तिने कमरेजवळचं लुगडं थोडं सरकवलं. कुशीतून पाठीकडे गेलेला वीतभर लांब व्रण होता. माझ्या अंगावर काटा आला. किडनी दिलेली बाई आमच्या पंचक्रोशीत आहे, हे मी तोवर ऐकलंसुद्धा नव्हतं.

"माझ्या पोराला दिल्ती," ती म्हणाली.

"मग? आता बरा आहे ना तो?"

"गेला. चार वर्सं चालली, मंग गेला."

मला उठून पळून जावंसं वाटलं. ज्या उत्तराची भीती होती तेच समोर बसलं होतं. मी कसंबसं विचारलं, "मग दिल्याचा पस्तावा होतो का?"

"लई झाला आधी. मी देवाला अट घातल्ती ना. एवढं घे, पण ह्याला म्हातारा कर, म्हणलं. देवानं अट काही मानली न्हाई. मी वर्सभर दिवा लावला न्हाई देवापुढं." ती नारळाची शेंडी बोटांनी विंचरत होती. "पर त्या चार वर्सांत त्याला लेक झाली. खाली सून तिला घेऊन बसलीय. आज तिचं जावळ हाय. मी तुला दे म्हणत न्हाई बाई. देऊ नको असंबी म्हणत न्हाई. द्यायचीच झाली तर सौदा करून देऊ नको. दिलं, की सोडून द्यायचं. मंग त्याचं काय व्हायचं ते त्याचं आन देवाचं."

"आणि अंगात काही त्रास?"

"गुडघे दुखत्यात. ते तसेबी दुखलेच असते," ती म्हणाली, देवीपुढे नारळ ठेवला आणि भिंतीला धरून उठली. मी दारातून पाहत राहिले. एकेक पायरी सावकाश उतरत ती खाली गेली.

मी पुन्हा देवीपुढे बसले. विचारायला आता काही नव्हतं. भीती होतीच, जराही कमी झालेली नव्हती. पण इतके दिवस ती भीती आणि मी अशा दोघीच एका खोलीत कोंडल्यासारख्या होतो. आता तिथे तिसरं कुणीतरी होतं. याहून नीट मला सांगता येत नाही. मी उठले तेव्हा ठरलेलं होतं. कधी ठरलं ते मला माहीत नाही.

खाली आईने माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय म्हणली यमाई?"

"कौल नाही दिला. मी देते दत्ताला."

आई मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. मला वाटलं, आनंदाने रडते. जवळ बसले तर म्हणाली, "मी इथं बसून यमाईला म्हणून राह्यल्ते, डावीकडं फिरव, डावीकडं फिरव. एक जगवायला दुसरी कापू कशी गं मी? तुला दे म्हणता येईना, नको म्हणता येईना. म्हणून नुसती जेवू घालीत व्हते." मी तिला पोटाशी धरलं. त्या सायीच्या वाट्या आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही दोघी लिंबाखाली मोठमोठ्याने रडलो.

परतूरला आल्यावर ह्यांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मनातून देतीस का लाजंकाजं?" मी म्हणाले, "भीती वाटते. पण मनातून." त्यांचे डोळे भरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि सही करायला माझ्याबरोबर आले. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी धाकटीला कडेवर घेऊन म्हणाल्या, "जा. पोरींची फिकीर करू नको. पण जशी चाललीस तशीच मला परत पाहिजे." दत्ता नाही नाहीच म्हणत होता. त्याला मी लहानपणीसारखी एक चापट मारली, तेव्हा गप्प झाला.

ऑपरेशन पुण्याला झालं. टेबलावर झोपवलं, वरचे दिवे लागले, आणि इतके दिवस कसाबसा धरलेला धीर सुटला. दात वाजायला लागले. ओठांवर आलंच होतं, आई, एवढं घे पण ह्याला... पुढचं मी गिळलं. "तुझं तू बघ," एवढंच म्हणाले. दात वाजायचे थांबले. ते औषधाने झालं असेलही. मी वाद घालत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा कुशीत आग पेटलेली. भावजय धावत आली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली, "अक्का, ह्यांना लघवी झाली! पिशवी भरली!" लघवी झाली म्हणून पेढे वाटणारं आमचंच घर असेल. मी हसले, टाक्यांत कळ गेली, तरी हसत राहिले. काही दिवसांनी दत्ता माझ्या खाटेशी आला आणि माझ्यासमोर उभ्याने तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला.

गावात लोक म्हणतात, हिरव्या लुगड्यातली ती बाई म्हणजे साक्षात यमाईच. मी नुसती हसते. मी तिला पायऱ्या उतरताना गुडघे दाबत थांबलेलं पाहिलं आहे. देवी येते ती अशीच दुखऱ्या गुडघ्यांनी येत असेल, तर माझं काही म्हणणं नाही.

त्यानंतर दत्ताला दोन मुलं झाली. त्याने नवी विहीर पाडली, माझ्या थोरलीच्या लग्नात अंगातला शर्ट भिजेपर्यंत पंगती वाढल्या. गेल्या महिन्यात तो अचानक परतूरला आला. चहा पुढे ठेवला तर हात लावेना. खाली मान घालून म्हणाला, "अक्का, रिपोर्ट बराबर न्हाई आला. डॉक्टर म्हणले, ती थकून राह्यली." मग त्याचा बांध फुटला. "तुझी किडनी मला सांभाळता न्हाई आली गं."

मला असा राग आला! "माझी काय म्हणतो रे? दिली त्या दिवशीच ती तुझी झाली. तिच्या जिवावर तू पोरं वाढवली, विहीर पाडली. थकली असेल तर तिचंही चुकलं नाही आणि तुझंही नाही. पी तो चहा." त्याने डोळे पुसले आणि गार झालेला चहा प्यायला.

औषधं बदलली आहेत. पुढे काय, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तो गेल्यावर संध्याकाळी मी यमाईपुढे दिवा लावला. मागावं असं पुष्कळ तोंडाशी आलं. हात जोडून उभी राहिले, आणि तोंडातून निघालं ते एवढंच: आई, इतकी वर्षं मला भाऊ दिलास.