बर्फावरचा नमुना

नमुन्याची बाटली हातात घेतली आणि माझी बोटं बधिर झाली.

"मावशी, एवढी गार कशी?"

"बर्फात ठेवली नं. बर्फाबिगर ताजी कशी राहील?"

सातपाटीहून पालघरला मासळी विकायला येणारी मावशी शाबासकीच्या अपेक्षेनं बघत होती. मासळीत नव्हे, वेगळ्या डब्यात आणली, हेही तिनं आवर्जून सांगितलं.

मी कपाळावर हात मारला. लॅबमध्ये शौचाचे नमुने तपासणं हे माझं काम. मावशीच्या तीन वर्षांच्या नातीला महिनाभर जुलाब होत होते, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. आधीचे दोन्ही नमुने मीच तपासले आणि दोन्ही वेळा 'काही आढळले नाही' असं ठोकून दिलं. तिसऱ्यातही काही निघालं नाही तर मुंबईला नेऊन पोरीच्या आतड्यात नळी घालून बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. पातळ शौचातले जंतू कोमट असतात तोवर वळवळतात. गारठले की निपचित, मग कचऱ्यात ओळखूसुद्धा येत नाहीत. आधीच्या बाटल्या काउंटरवरून माझ्या हाती येईस्तोवर गारवा गेला होता, पण ओल्या त्याही होत्या, मी पाहिलं होतं. धुऊन आणल्या असतील म्हटलं. विचारलं असतं तर माझी काय जीभ झिजली असती?

"नात कुठाय?"

"बाहेर, आयशीजवल."

"आत आणा. इथंच बसवू."

पण बाईसाहेब बसतील तर ना! रडायचंही त्राण नव्हतं, नुसती मान हलवत राहिली. एरवी पेशंटवर खेकसणारी मी, संडासाच्या दारात उकिडवी बसून बडबडगीतं म्हणत होते. तासाभरानं तिनं कृपा केली. मी बाटली मुठीत धरून अक्षरशः पळाले. कोमट सलाईनचा थेंब, काच, वर पातळ झाकणकाच, आणि डोळा भिंगाला.

होता! जिआर्डिया, जुलाबाचा जंतू! उभ्या कापलेल्या पेरूच्या आकाराचा, गिरक्या घेत चालला होता. हा दुसरा, हा तिसरा!

"सापडला!" मी इतक्या जोरात ओरडले की रक्त द्यायला बसलेले काका उभेच राहिले. पोटातला किडा पाहून एवढी हरखलेली बाई त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली.

मावशीलाही दाखवलं. ती बराच वेळ डोळा लावून बसली.

"जिता हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "म्हंजे दोन वेला मीच मारून आनले?"

"तुम्ही नाही, मावशी. मी विचारलं नाही."

औषध सुरू झालं, आणि पंधरा दिवसांनी मावशी नातीला कडेवर घेऊन आली. टेबलावर डबा ठेवला. डब्याला बाहेरून पाणी सुटलं होतं. या वेळी मी लगेच विचारलं.

"पापलेट हाय, बर्फातला. तपासू नको, खा."

तेवढ्यात पोरीनं मला ओळखलं. संडासाकडे बोट दाखवून तिनं असं भोकाड पसरलं की लॅब दणाणली. काय तो आवाज! रांगेतले पेशंट कान झाकत होते, आणि मी आपली वेड्यासारखी ऐकत उभी होते.