रेणूच्या मेंदूत मी शोधलेली चीर

"ऑटिझम," नागपूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि लगेच समजावून सांगू लागल्या, "म्हणजे स्वमग्नता. मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने होते. लेकरू आपल्यातच रमतं, बोलायला उशीर लागतो, आवाज सहन होत नाहीत." माझी रेणू तेव्हा साडेपाच वर्षांची होती. ती त्यांच्या टेबलाखाली बसून पंख्याची सावली बघत होती.

मी विचारलं, "कशामुळं झालं?"

"नक्की एक कारण सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

मला मात्र कारण माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. आमचं घर आरमोरीजवळच्या गावात, मासेमारीवर चालणारं. रेणूच्या वेळी मला सहावा महिना असताना भरदुपारी ग्रहण लागलं. पोटुशी बाईनं ग्रहणात काही कापू नये, पोटातल्या लेकराला चीर पडते, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या दिवशी मासोळी भरपूर निघाली होती. सासूबाई टोपलं ठेवून गेल्या आणि मी पावशीवर, म्हणजे विळीवर, बसून सगळी कापली. नाही म्हणायचं तर मीच म्हणायला हवं होतं, पोट माझं होतं.

रेणू बोलेना, तेव्हापासून सासूबाईंनी मला पावशीवर बसूच दिलं नाही. "दे इकडं," एवढंच म्हणायच्या आणि टोपलं ओढून घ्यायच्या. तोंडानं कधी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

पुढच्या खेपेला मॅडमनी विचारलं, रेणूला संशोधनात घेऊ का? एमआरआय करायचा होता. एमआरआय म्हणजे मोठ्या चुंबकाच्या यंत्रातून काढलेले मेंदूचे फोटो. त्यात सुई नाही, चिरफाड नाही. स्वमग्न लेकरांचे आणि काही त्रास नसलेल्या लेकरांचे असे पुष्कळ फोटो ताडून बघायचे. "यानं रेणू बरी होणार नाही," त्यांनी दोनदा सांगितलं. "तुम्ही नाही म्हणालात तरी तिचे उपचार चालूच राहतील."

मी कुठं ऐकत होते! फोटो म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच आलं, की आत चीर दिसेल आणि काय ते एकदाचं कळेल. त्या आशेनं आणि त्याच भीतीनं मी सही केली. हे वाचणाऱ्या आईबापांनो, तुम्ही नीट ऐकून मग सही करा.

यंत्रात लेकराला जागेपणी, न हलता पडून राहावं लागतं. सरावासाठी त्यांनी यंत्राचा आवाज मोबाईलवर दिला, ठकठक आणि घरघर. कुकरच्या शिट्टीनं घर डोक्यावर घेणारी रेणू! तिनं पहिल्याच दिवशी मोबाईल भाताच्या तणसात भिरकावला.

शेवटी माझा नवरा म्हणाला, "डोंग्यात झोपवू तिले. तिथी थे हालत नाई."

खरंच होतं ते. तो जाळं टाकायचा तेव्हा रेणू डोंग्याच्या तळाशी आभाळाकडं बघत गपचूप पडून असायची. मग रोज सकाळी तलावात डोंगा, डोंग्यात रेणू आणि तिच्या उशाला ठकठक. मासे पळाले असतील बिचारे. पंधरा दिवसांनी ती त्या आवाजावर बोटं नाचवू लागली.

तरीही पहिल्या वेळी ती यंत्रातून किंचाळत बाहेर आली. मशीनवरचे भाऊ म्हणाले, "राहू द्या बाई, जबरदस्ती नाही. पुन्हा कधी बघू." महिन्याने परत गेलो. तिच्या पिना, चांदीचे वाळे, माझं मंगळसूत्र, धातूचं सगळं बाहेर काढून ठेवलं. मी आत तिचा पाय धरून बसले. तो इवलासा पाय शेवटपर्यंत हलला नाही. मला इतकं भरून आलं, की रडले तर मीच हलेन म्हणून ओठ दाबून बसले.

नंतर मॅडमनी पडद्यावर फोटो दाखवला. अक्रोडाच्या गरासारखा दिसत होता. मी विचारलं, "यात कापल्याची खूण कुठं हाय, मॅडम?" आणि ग्रहणाचं सगळं सांगून टाकलं.

त्या हसल्या नाहीत. एकेक फोटो पुढं सरकवत म्हणाल्या, "बघा, कुठंही नाही. स्वमग्नता अशी डागासारखी एका फोटोत दिसतच नाही, म्हणून तर आम्हाला इतक्या मुलांचे फोटो लागतात. कारणं अजून पुरती कळलेली नाहीत. पण ग्रहणानं किंवा मासोळी कापल्यानं हे होत नाही, एवढं मी खात्रीनं सांगते. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही."

ब्रह्मपुरीपर्यंत बसमध्ये मी नुसती रडत होते. रेणू माझ्या पदराच्या किनारीवरचे ठिपके मोजत होती. ती बरी झालेली नव्हती, तशीच होती. पण कित्येक वर्षांनी मी तिच्याकडं गुन्हेगारासारखी न बघता आईसारखी बघत होते.

घरी आल्यावर मी सासूबाईंना मुद्दाम ऐकवलं. आवाजात थोडा तोराही होता. "खूण नाई म्हणे. कापल्यानं काही होत नाई म्हणे."

सासूबाई तिथंच खाली बसल्या.

"टोपलं मीच ठेवलं होतं ना तुह्यापुढं," त्या म्हणाल्या. "नासून जाईल म्हून. गिराण हाय हे मले मालूम होतं. माह्याच हातानं नातीचं वाटोळं झालं, असंच वाटून राह्यलं होतं मले. तुले तोंड कसं दाखवू?"

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"आणखी एकदा सांग बाई, डाक्टरीन काय बोलली?"

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.